औंध किती लांब आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी थोडं संपादित करून)



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'माझा छंद'. हा निबंध आपल्याला सहामाहीला हमखास असायचा. तेव्हा वर्गातल्या निम्म्यांचा छंद 'वाचन' असायचा आणि उरलेल्यांचा 'पोस्टाची तिकिटं गोळा करणे', कारण गाईडमध्ये हे दोनच निबंध होते. आज पाठ केलेलं काही नाही. मराठीच्या बाई समोरच बसल्या आहेत. चुकलं तर घंटा होईपर्यंत वाट बघू नका, मध्येच उभं करा. उभाच आहे म्हणा मी.

माझा छंद म्हणजे वस्तुसंग्रहालयं, चित्रप्रदर्शनं आणि जुन्या वास्तू बघत हिंडणं. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, चित्रकलेत तर एलिमेंटरीच्या पुढं गेलो नाही. बँकेत नोकरी केली. दर तीन-चार वर्षांनी बदली व्हायची. नव्या गावात माणूस आधी भाड्याचं घर शोधतो, मग बरी खानावळ. मी त्याबरोबर 'इथं म्युझियम कुठं आहे?' हेही विचारायचो. उत्तरं ठरलेली असायची. 'आहे वाटतं, कचेरीच्या मागं.' 'उघडं असतं का ते बघावं लागेल.' आणि तिसरं, 'पण तिथं बघण्यासारखं आहे काय?'

त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला बोलायचं आहे.

एका तालुक्याच्या गावी मी असाच दुपारी तीनला पोचलो. शिपाईमामांनी कुलूप काढलं. मी ज्या खोलीत जाईन तिथला दिवा ते लावायचे आणि मी बाहेर पडलो की लगेच बंद करायचे. मला वाटलं, वीज वाचवण्यासाठी का होईना, हा माणूस आपल्याला घालवतोय. मग एका वीरगळापाशी मी जरा जास्त वेळ थांबलो, तसे ते जवळ आले आणि म्हणाले, 'हा आमच्या शिवारातला. नांगराला लागला होता. आमच्या आज्यानं बैलगाडीत घालून आणला.' पाटीवर 'वीरगळ' एवढंच लिहिलेलं. तो खालून वर वाचायचा असतो हे मला मामांनी शिकवलं. सगळ्यात खाली लढाईत पडलेला वीर, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र आणि सूर्य. म्हणजे ते दोघं आहेत तोवर ह्याचं नाव राहील. मग त्यांनी दिवा बंद केला नाही. चहा मागवला.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. पहिली, सगळं बघायचं नाही. एका खेपेला पाचच वस्तू निवडायच्या आणि प्रत्येकीपुढं निदान पाच मिनिटं थांबायचं. दुसरी, आधी वस्तू बघायची, पाटी नंतर वाचायची. पाटी आधी वाचली की डोळे सुट्टीवर जातात. तिसरी, तिथल्या राखणदाराशी बोलायचं. त्याच्याइतका वेळ त्या वस्तूंबरोबर कुणीच घालवलेला नसतो.

आपल्यापैकी बरेच जण युरोपची सहल करून आले आहेत. ग्रुपवर फोटो बघतो मी. पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसा आहे. ते चित्र उंचीला ७७ सेंटिमीटर आणि रुंदीला ५३. घरातल्या गणपतीच्या तसबिरीएवढं. तिच्यासमोर ही गर्दी, आणि गर्दीतले अर्धे लोक तिच्याकडे पाठ करून उभे, कारण स्वतःचा फोटो तिच्याबरोबर यायला हवा. मी कुणाला हसत नाही. जावं, जरूर जावं. पण मला नेहमी वाटतं, तिथं ती तीन मिनिटं नीट बघायची असतील तर बघण्याची सवय इथंच, आपल्या भागात लावून घ्यायला हवी.

सवय म्हणजे काय, याचं एक ताजं उदाहरण देतो. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तीन वर्षांच्या कराराने भारतात आणली गेली होती. तुमच्यापैकी अनेक जण मुलं-नातवंडं घेऊन गेला होतात. मीही गेलो. ही वाघनखं लंडनला गेली ती जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून. हा डफ साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहून प्रसिद्ध केला. वाघनखांबरोबरच्या पेटीवर, ही शिवाजी महाराजांची, असं लिहिलेलं आहे. पण ती तीच वाघनखं आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालय सांगतं. रांगेत माझ्यापुढं एक आजोबा होते. त्यांच्या नातवानं मोठ्यानं विचारलं, 'आजोबा, मग ही खरी का खोटी?' आजूबाजूचे जरा गप्प झाले. आजोबा म्हणाले, 'पोलाद खरं आहे, महाराज खरे आहेत. मधला कागद अजून सापडायचा आहे. तो तू शोध.'

मित्रांनो, इतिहासाच्या सरांनी सुद्धा याहून चांगलं उत्तर दिलं नसतं. सर, माफ करा. संग्रहालयात हात जोडायला कुणाची हरकत नाही, पण प्रश्न विचारायलाही मज्जाव नाही. त्या पोरानं एका वाक्यात संग्रहालयाचा उपयोग करून घेतला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तो मुद्दा म्हणजे औंध.

विश्रामबागहून सकाळी सातला निघालं तर विटा, पुसेसावळी करत अडीच तासांत औंध येतं. नव्वदेक किलोमीटर. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. आत राजा रविवर्मांची चित्रं आहेत. धुरंधरांची आहेत. बंगालच्या चित्रकारांची आहेत. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत, चंदनातलं आणि हस्तिदंतातलं कोरीव काम आहे. आणि ज्याचे पुतळे जगभरातल्या मोठमोठ्या शहरांत उभे आहेत त्या हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे शिल्प त्या डोंगरावर आहे. मी एकदा त्याच्यासमोर उभा होतो. हे आधुनिक शिल्प, आता याचा अर्थ कसा लावायचा, अशा विचारात होतो. देवीच्या दर्शनाला आलेली एक म्हातारी माझ्या शेजारी थांबली. तिनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, 'लेकुरवाळी हाय.' आणि पुढं गेली. पाटी तिला वाचता येत नव्हती, आणि तिचं काही अडलंही नाही.

मला त्या संग्रहालयातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? त्याची जागा. राजानं हा खजिना वाड्यात ठेवला असता तर त्या काळी कुणी का म्हणून विचारलं नसतं. त्यांनी तो देवीच्या वाटेवर ठेवला. कुणाही शेतकऱ्याचं, कुणाही म्हातारीचं पाऊल सहज आत वळेल अशा ठिकाणी.

आणि हे संस्थान केवढं? बहात्तर गावांचं. तेही एकसलग नाही. औंध एकीकडं, आटपाडी दुसरीकडं, कुंडल तिसरीकडं. म्हणजे आपल्या वर्गातले जे आटपाडीचे किंवा कुंडलचे आहेत, त्यांचे आजोबा-पणजोबा औंधची प्रजा. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. सूर्यनमस्काराचा त्यांनी इतका प्रसार केला की आपल्या शाळेच्या मैदानावर सकाळी सकाळी आपल्याला जे वाकावं लागायचं, त्याचा थोडा राग त्यांच्यावरही काढायला हरकत नाही. रामायणाची चित्रं त्यांनी स्वतः काढून छापली. अजिंठ्याच्या चित्रांचं त्यांना वेड; चित्रकार बरोबर घेऊन गेले आणि तिथल्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. लाहोरमध्ये चित्रकार म्हणून नाव कमावलेले पंडित सातवळेकर त्यांच्या आश्रयाला औंधला येऊन राहिले आणि तिथून त्यांनी वेदांवरचं आपलं काम केलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा १९१० साली कुंडलजवळचा माळ दिला तो याच राजानं. त्याची आज किर्लोस्करवाडी झाली. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं त्यांनी राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. त्याच सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला, व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच कल्पनेवरचा. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर शिकले औंधच्या शाळेत.

हे सगळं एका माळेत बघितलं म्हणजे ते संग्रहालय राजाची हौस राहत नाही. ज्या माणसाला वाटत होतं की कैद्यावर विश्वास टाकला तर तो पळणार नाही, त्यालाच वाटत होतं की शेतकऱ्यापुढं रविवर्मा ठेवला तर त्याला तो कळेल. दोन्हीकडं विश्वास एकच.

औंध जरा लांब वाटत असेल तर जवळ या. खिद्रापूरला जा. कृष्णाकाठी कोपेश्वराचं मंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं. बाहेरून पायाशी हत्तींची रांग, जणू सगळं देऊळ त्यांच्या पाठीवर तोललंय. आणि पुढं स्वर्गमंडप. गोलाकार रचलेले खांब आणि वर छताला मुद्दाम मोकळं ठेवलेलं वर्तुळ. बरोबर त्याच्याखाली उभं राहून वर बघायचं. मी तिथं पावसाळ्यातही गेलो आहे आणि पौर्णिमेच्या सुमारासही. तिथं पाच मिनिटांचा माझा नियम मोडतो.

मिरजेला जा. सतारमेकर गल्लीत तिकीट नाही, पाटी नाही, पण ते जिवंत संग्रहालय आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून दीडशे वर्षांपूर्वी ही तंतुवाद्यांची कला उभी राहिली. भोपळा कसा वाळवतात, तो कापून त्यावर लाकडी गळा कसा बसवतात, तंबोऱ्याच्या घोडीवर तार आणि दोरा यांच्यामध्ये जवारी कशी साधतात, हे समोर बसून बघायला मिळतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं, पण त्या कारागिराचा मुलगा ते काम करील का, हा प्रश्न उरतोच. त्यांच्या दुकानात नुसतं बघायला जरी माणसं गेली तरी त्यांना हुरूप येतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

हरिपूरला आपण काय करायला जायचो? चिंचा पाडायला आणि संगमावर डुंबायला. 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं ते गाव. पण त्याच हरिपुरात जमिनीच्या पोटात हळदीची पेवं होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली प्रशस्त पोट. तिथल्या मातीच्या गुणामुळं हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. सांगलीची हळदीची पेठ त्या पेवांच्या जिवावर उभी राहिली. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीचशी पेवं कायमची गेली. ज्याला आपण साधं कोठार समजत होतो ती वारसावास्तू होती. हे अनेकांना ती गेल्यावर कळलं.

इथं मी मुद्दाम थांबतो, कारण आता आपल्या घरांकडं यायचं आहे.

माझ्या आईला घेऊन मी एकदा एका प्रदर्शनाला गेलो होतो. जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन. ती सगळीकडं पदर सावरत मुकाट चालत होती. एका काचेपाशी थबकली. आत फणेरपेटी होती. लाकडी, झाकणाला आतून आरसा, खाली लहान लहान कप्पे. आई म्हणाली, 'ही आपल्या माळ्यावर आहे की. माझ्या सासूबाईंची.' मग तिथल्या चार मुलींना तिनं समजावून सांगितलं. हा गोल कप्पा मेणाचा. आधी कपाळाला मेण लावायचं, त्यावर कुंकू, म्हणजे ते फिसकटत नाही. ही खाच फणीची. आणि हा तळातला चोरकप्पा कशाचा ते सांगू का, म्हणून ती हसली. 'चार आणे ठेवायचा. घरात कुणाला न सांगता.' त्या मुलींनी वह्या काढल्या. माझी चौथी शिकलेली आई त्या दुपारी अर्धा तास शिकवत होती.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही बघितलं असेल. केळकरांनी राजांच्या तलवारींपेक्षा जास्त जीव लावला तो दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, पेट्या अशा वस्तूंना. लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं आणि ते सगळं सरकारला देऊन टाकलं. वीसेक हजार वस्तू. त्यांनी त्या कुठून आणल्या? तुमच्या-माझ्या घरांतून. वाडे मोडत होते, लोक भांडी मोडीत घालत होते, तेव्हा.

आज तीच वेळ पुन्हा आली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. विश्रामबाग उंचावर, म्हणून आपण वाचलो; गावभागातले आपले नातेवाईक आपल्याकडं राहायला आले. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला जे ढीग लागले होते ते आठवा. गाद्या आणि फ्रिज पुन्हा घेता येतात. त्या ढिगांत लग्नाचे अल्बम होते, पणजोबांच्या चोपड्या होत्या, नाटकांच्या जाहिराती होत्या. ज्या सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावातल्या जुन्या पेट्यांत काय काय असेल कुणी सांगावं! भावे यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्या आज आपल्याला ठाऊक आहेत त्या एवढ्याचसाठी, की कुणीतरी त्या टाकल्या नाहीत आणि पुढं रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

आणि पूर आला नाही तरी आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आहेत. बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट होत आहेत. माळा रिकामा करायची वेळ आपल्या पिढीवर आली आहे. भंगारवाला किलोवर घेतो. त्या वस्तूचं नाव, ती कुणाची, कशी वापरायची, हे सांगू शकणारी शेवटची माणसं आज या मांडवात बसली आहेत. आपल्या मुलांना फणेरपेटी आणि पानाचा डबा यातला फरक सांगता येणार नाही. त्यात त्यांचा काय दोष?

म्हणून समितीपुढं माझ्या दोन सूचना आहेत. आपण जमवलेल्या निधीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायची असं बोलणं चाललं आहे. कमानीला माझा विरोध आहे असं नाही. आपल्या तुकडीचं नाव दगडात कोरलेलं कुणाला आवडणार नाही? पण कमानीखालून मुलं रोज जातील आणि आठवड्याभरात वर बघायचं सोडून देतील. त्याऐवजी, किंवा निदान त्याच्याबरोबर, निधीचा एक भाग बाजूला ठेवू. त्याच्या व्याजावर दरवर्षी आठवीचा वर्ग एक दिवस औंधला जाईल. एसटीची गाडी, डबे घरचे, आणि बरोबर आपल्यातले दोघं जण. आता आपण रिकामेच आहोत. मुलांना एकच काम द्यायचं: पाच वस्तू निवडा आणि त्या बघा. निबंध नको. बाई, खरंच नको.

दुसरी सूचना. शाळेत एक काचेचं कपाट ठेवू. आपल्यातल्या प्रत्येकानं घरातली एक वस्तू द्यायची, आणि तिच्याबरोबर स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक कार्ड: हे काय, कुणाचं, कुठून आलं, कसं वापरायचे. वस्तू द्यायला जीव होत नसेल तर तिचा फोटो आणि कार्ड द्या. जुने फोटो असतील तर मागं नावं लिहा, पेन्सिलीनं, आणि मोबाईलवर त्यांची नक्कल काढून नातेवाइकांना पाठवून ठेवा. पुढचा पूर आपल्याला विचारून येणार नाही.

आता औंध किती लांब, ह्याचं उत्तर. नव्वद किलोमीटर, ते कुणीही सांगेल. पण आठवीच्या मुलाला ते अंतर एकट्यानं तोडता येत नाही. कुणीतरी त्याचं बोट धरून न्यावं लागतं. आपल्यातल्या काहींना आपल्या चित्रकलेच्या सरांनी असंच स्वतःच्या खर्चानं प्रदर्शनाला नेलं होतं. सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या नावानं ही सहल सुरू झाली तर मला वाटतं त्यांना कमानीपेक्षा ती आवडेल.

माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिची फणेरपेटी मी आज बरोबर आणली आहे. बाहेरच्या टेबलावर आहे, शेजारी तिनं सांगितलेलं सगळं लिहिलेलं कार्ड आहे. चोरकप्प्यात चार आणे ठेवले आहेत. ही कपाटातली पहिली वस्तू. त्याच टेबलावर एक वहीही आहे. औंधला मुलांबरोबर यायला जे तयार असतील त्यांनी जेवायला बसायच्या आधी त्यात नाव आणि फोन नंबर लिहावा. जेवणानंतर आपण कुणी कुणाला सापडत नाही, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.